आधी काम कळू द्या



  प्रघाताप्रमाणे छायाचित्रकारांच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून आता मी व्यवसायाचा आढावा घ्यायला हवा. मिररलेस कॅमेरे, ड्रोनचे नियम, घसरलेले दर, कृत्रिम बुद्धिमत्ता, सगळं टिपून आणलं होतं. पण सकाळच्या परिसंवादात एक वाक्य कानावर पडलं आणि तो कागद मी बाजूला ठेवला. ‘हल्ली कारखान्यातली माणसंसुद्धा फोटोग्राफर व्हायला लागली आहेत,’ असं ते वाक्य होतं.

मी भोसरीत लेथवर टर्नर होतो. हे वाक्य मी या व्यवसायात आल्यापासून ऐकतो आहे. आज माईक माझ्या हातात आहे.

राजा दीनदयाळ रुरकीला अभियांत्रिकी शिकले आणि इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले. कॅमेरा त्यानंतर आला. प्रागचा जोसेफ सुडेक पुस्तकबांधणीचं काम शिकलेला होता. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, बांधणी सुटली आणि तो छायाचित्रकार झाला. आमची परंपरा ही अशी आहे. ती उपऱ्यांची नाही.

नोकरी सोडल्यावर मी एका नावाजलेल्या छायाचित्रकाराकडे मदतनीस होतो. एका कारखान्याच्या कॅलेंडरचं काम होतं. रंग उठून दिसावा म्हणून त्यांनी लेथवरच्या वयस्क कामगाराला लाल हातमोजे घालायला सांगितले. तो म्हणाला, “साहेब, फिरत्या चकापाशी मोजे घालत नाहीत. टोक अडकलं की हात आत जातो.” साहेब म्हणाले, मशीन बंदच आहे, फोटोपुरतं घाला. त्यानं घातले. घडवायचा तुकडा (जॉब) पकडून फिरवणाऱ्या त्या चकची चावीही चकमध्येच राहिली. मशीन सुरू झालं तर ती उडून समोरच्याच्या अंगावर येते, हे आयटीआयच्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी सांगू लागलो, तर ‘तू लाईट धर’ असं उत्तर मिळालं. कॅलेंडर छापलं गेलं. त्या खात्यातल्या एकाही कामगारानं ते भिंतीवर लावलं नाही. फोटोत प्रकाश उत्तम होता, रंग उत्तम होते, आणि तो फोटो खोटा होता.

सकाळी शार्पनेसवर तासभर वाद झाला. मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरणारा चक सेकंदाला १० फेरे घेतो. १/१००० शटरवर तो जेमतेम ३.६ अंश सरकतो, म्हणजे बंद मशीनचा फोटो आणि चालू मशीनचा फोटो सारखाच. १/३० वर तो एक तृतीयांश फेरा घेतो. चकचे जॉ पुसट होतात, टूल मात्र रेखीव राहतं. ते मशीन चालू आहे हे बघणाऱ्याला कळतं. लेथवर उभं राहिलेल्या माणसासाठी हा वाद कधीच मिटलेला आहे.

प्रकाश बघायलाही मी स्टुडिओत शिकलो नाही. जॉबला काटकोन तपासायचा गुण्या लावून तो उजेडाकडे धरायचा आणि फटीतून येणारी प्रकाशाची रेघ बघायची. ती बारीक रेघ वर्षानुवर्षं बघितलेल्या डोळ्याला चकचकीत पोलादावरचं प्रतिबिंब कुठून येतंय हे वेगळं शिकवावं लागत नाही. सुतार, शिंपी, वेल्डर यांच्याही डोळ्यांत असं काहीतरी मुरलेलं असतं. ते या व्यवसायात येतात आणि पहिल्याच दिवशी जुना धंदा लपवायला शिकतात, कारण आपण त्यांना तो लपवायला लावतो. याचं मला फार दुःख आहे.

कारागिरांसाठी कार्यशाळा व्हाव्यात, त्यांना उपकरणं हप्त्यानं मिळावीत, यावर नव्या कार्यकारिणीनं विचार करावा. तपशील पुढे ठरवता येतील. एक गोष्ट मात्र आजच ठरवा. आपल्या स्पर्धेच्या औद्योगिक विभागात परीक्षक म्हणून एक तरी टर्नर, फिटर किंवा वेल्डर बसवा. त्याला फोटो दाखवा आणि विचारा, हे काम असं होतं का? तो नाही म्हणाला, तर त्या फोटोला बक्षीस देऊ नका.