फट बुजली म्हणजे सांधा झाला असं नाही
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "अमेरिकेत काय करतोस ते दहा मिनिटांत सांग." नोकरीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. संगणकासमोर बसतो आणि महिन्याला पगार घेतो. तुमच्यातले निम्मे तेच करतात. म्हणून मी शनिवारी काय करतो ते सांगतो. दर शनिवारी मी सिॲटलजवळच्या एका गॅरेजमध्ये लहान मुलांसाठी शर्यतीच्या होड्या बांधतो.

मागच्या रांगेत कोण हसलं ते कळलं मला. माझं सुतारकाम तुम्ही पाहिलेलं आहे.

या होडीला हायड्रोप्लेन म्हणतात. आपल्या खाडीतली तर पाणी कापत जाते, ही पाण्यावरून घसरत जाते. पुढे डाव्या-उजव्या अंगाला दोन पावलं असतात आणि मागे पंखा. वेग आला की होडी या तीन ठिकाणीच पाण्याला टेकते आणि मधल्या पोकळीतली हवा तिला उचलून धरते. मुलांची होडी दहा-अकरा फुटांची असते. ९ ते १५ वर्षांची मुलं ती चालवतात, गुडघ्यांवर बसून. इंजिनात एक चकती बसवून त्याची ताकद मुद्दाम कमी केलेली असते. तरीही होडी ताशी ५०-६० किलोमीटर जाते, आणि पाण्याच्या इतक्या जवळून ते दुप्पट वाटतं.

सिॲटलला या होड्यांचं वेड जुनं आहे. २६ जून १९५० रोजी तिथल्या लेक वॉशिंग्टनवर 'स्लो-मो-शन फोर' नावाच्या होडीने ताशी १६० मैलांचा विक्रम केला. स्टॅन सायर्स यांची ती होडी टेड जोन्स यांनी आखली होती आणि अँकर जेन्सन यांनी बांधली होती. त्याच वर्षी तिने डेट्रॉइटला जाऊन गोल्ड कप जिंकला आणि पुढच्या वर्षी ती शर्यत सिॲटलला आली. त्या काळी तिथली पोरं लाकडाची छोटी हायड्रोप्लेन करून दोरीने सायकलमागे ओढत गल्लीभर फिरायची. ती पोरं आता आजोबा झाली आहेत, आणि त्यांच्यातलेच काही आज नातवंडांच्या वयाच्या मुलांना खरी होडी बांधायला शिकवतात. फुकट शिकवतात. अट एकच: होडी मुलाने आणि घरच्यांनी स्वतः बांधायची, आणि ती झाली की पुढच्या मुलाच्या होडीला हात लावायला यायचं.

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं. बायको म्हणाली, "पोहणं पुरे नाही का?" मी म्हणालो, बांधून तर बघू. मनात होतं, महिन्याभरात कंटाळेल.

ती कंटाळली नाही. तीन-चार मिलिमीटरचं मरीन प्लाय, हलक्या लाकडाच्या पट्ट्या आणि आडव्या चौकटी एका साच्यावर बसवायच्या आणि इपॉक्सीने जोडायच्या. तळ सरळपट्टी लावून तपासायचा. मागच्या भागात तो जरा जरी वाकडा असला तरी होडी नाक वर काढते किंवा पाण्यात खुपसते. मुलगी गुण्या धरायला शिकली. मी शिकलो ते वेगळंच.

फेब्रुवारीतली थंडी होती. चौकटी तळाला चिकटवायच्या होत्या. आमच्या गटातले विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा बजावून गेले होते, पाच भाग राळ आणि एक भाग हार्डनर, मोजून. थंडीत चिकटायला वेळ लागतो, म्हणून मी हार्डनर थोडा जास्त घातला. फायबरच्या कामातल्या राळेत थेंब वाढवले की ती लवकर घट्ट होते. इपॉक्सीचं तसं नसतं. तिथे दोन्ही भाग एकमेकांत पूर्ण खर्ची पडावे लागतात. जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि सांधा कायमचा मऊ राहतो. हे मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

आठवड्याने मुलगी म्हणाली, "बाबा, इथे नख रुततंय."

मी म्हणालो, "वाळेल गं."

तिने लगेच विश्वास ठेवला. तेच मला खुपलं. पुढच्या शनिवारी वरचं प्लाय बसणार होतं. ते बसलं की ते सांधे कोणाला दिसणार नव्हते. आणि माझी मुलगी गुडघे टेकून बसणार होती ती नेमकी त्यांच्याच वर.

त्या रात्री मला आपली सुतारकामाची खोली आठवली. नववीत मी चौरंग केला होता. एका पायाची खाच मोठी कोरली गेली आणि पाय डुगडुगायला लागला. मी भुसा आणि फेव्हिकॉल कालवून फट भरली, पॉलिश पेपर मारला, वरून रंग दिला. सर, तुम्ही तो हातात घेतला, उलटा केला आणि खिडकीत उजेडाला धरला. मला वाटलं, आता छडी. तुम्ही एवढंच म्हणालात, "भुशाने फट बुजते, सांधा होत नाही. यावर कोण बसणार आहे?" मी म्हणालो, आजी. तुम्ही चौरंग माझ्या हातात परत दिलात. मी पाय उपटला आणि नवा केला.

सर, तुम्ही आज समोर बसला आहात. तुम्हाला हे आठवत असेल असं नाही. मला मात्र पहाटे तीनपर्यंत दुसरं काही आठवत नव्हतं.

सकाळी मी आजोबांना फोन केला. ते आले, नख लावून पाहिलं, आणि गाडीतून पटाशी व गरम हवेचं यंत्र घेऊन आले. रागावले नाहीत. सगळ्या चौकटी काढल्या आणि तळाचं प्लाय फेकून नवं आणलं. चार शनिवार गेले. साचा गटात एकच होता, त्यामुळे आमच्यामागे थांबलेल्या एका मुलाची होडीही रखडली. मी त्याच्या आईची माफी मागायला गेलो, तर ती पुढच्या शनिवारी हातमोजे घालून आमचं प्लाय घासायला हजर! हंगामातली पहिली शर्यत आमची हुकली. मुलीला खरं कारण मी स्वतः सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वजनकाटा घेऊन आली आणि म्हणाली, "यापुढे मी मोजणार." मग शेवटपर्यंत तिनेच मोजलं.

जुलैत ती पाण्यात उतरली. डोक्याला हेल्मेट, अंगात न फाटणारा पोशाख आणि जॅकेट, आणि इंजिन बंद करणारी दोरी अंगाला बांधलेली. ती बाहेर फेकली गेली तर दोरी सुटते आणि इंजिन थांबतं. शर्यत उभ्याने सुरू होत नाही. घड्याळाचा काटा पाहत वेगातच रेषा ओलांडायची, क्षणभर आधी ओलांडली तर बाद. बाद होण्याच्या भीतीने ती मागेच राहिली. बायको पाण्याकडे पाठ करून उभी होती, मी डोळे फाडून पाहत होतो. दुसऱ्या वळणावर पुढच्या होडीच्या लाटेवर हिचं नाक उचललं गेलं आणि होडी धाडकन आपटली. तो आवाज काठापर्यंत आला. हिने मूठ सैल केली, वेग उतरला, होडी सावरली, आणि ही परत निघाली. आली शेवटची.

काठावर आल्यावर तिने हेल्मेटही काढलं नाही. आधी झाकण उघडून आत हात घातला, सांधा चाचपला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही रुतत."

तिला पुढे काही बक्षिसंही मिळाली, पण मी घरी सांगतो ती शर्यत हीच.

वय उलटल्यावर तिने होडी दुसऱ्या एका मुलीला दिली. ती आता कॉलेजात आहे. मी अजून शनिवारी जातो, नवीन बापांना हार्डनर मोजायला शिकवतो, आणि माझी चूक आधी सांगतो.

काल शाळेत फिरताना सुतारकामाच्या खोलीला कुलूप दिसलं. किल्ली मागितली तर मिळाली. दोन टेबलं अजून भक्कम आहेत, रंधे गंजले आहेत, शिकंजे चालतात. आपण सगळे शाळेला काहीतरी द्यायचं म्हणतो आहोत. निधी द्याच. पण गावात राहणाऱ्या चौघांनी महिन्यातला एक शनिवार दिला तर ती खोली पुन्हा उघडेल. होडी नको, पाट करू द्या, चौरंग करू द्या. वाकडा झाला तर उलटा करून उजेडाला धरणारं कोणीतरी मात्र तिथे असायला हवं.

मी अजून २० दिवस इथे आहे. रंध्यांचा गंज मी काढतो. उद्या सकाळी नऊला येतोय, कोण कोण येणार ते चहाच्या वेळी सांगा.

सर, तो चौरंग अजून आमच्या देवघरात आहे. डुगडुगत नाही.