भेंडीचे वाळवण आणि वाण

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज मला भेंडीविषयी बोलावयाचे आहे. विषय लहान आहे, पण तो आपल्या परसातला आहे. नेवाशाकडे उन्हाळी भेंडी एकदा धरू लागली की दिवसाआड तोडावी लागते. घरात भाजी होते, शेजारी वाटली जाते, तरी टोपलीत उरतेच. बाजारात त्याच वेळी सगळ्यांची भेंडी येते. मग भाव कोण देणार? उरलेल्या भेंडीचे काय करावे आणि पुढच्या पेऱ्याचे बी कोठून आणावे, हे दोन प्रश्न आपण वेगळे समजतो. दोन्हींचा विचार एकदमच, ऐन बहरात करावयास हवा.

आपली रीत अशी की कोवळ्या शेंगा खायच्या आणि नजरचुकीने झाडावर राहिलेल्या जून शेंगा बियाला ठेवायच्या. माझे सांगणे एवढेच, की बी उरलेल्यातून नव्हे, निवडलेल्यातून ठेवावे. बहरात चार-पाच जोमदार झाडे हेरा. पानांच्या शिरा पिवळ्या पडून केवडा झालेले झाड घेऊ नका. निवडलेल्या झाडांना रंगीत चिंधी बांधा आणि त्यांच्या शेंगांना हात लावू नका. शेंगा जून होऊ लागल्या की झाड नवी फळे कमी धरते. म्हणून बियाची झाडे वेगळी, खाण्याची वेगळी.

मधमाश्या एका वाणाचा पराग दुसऱ्यावर नेतात. परसात एकच वाण लावावे. शेजारी दुसरे असेल, तर उमलणाऱ्या कळीवर आदल्या संध्याकाळी पातळ कापडाची पिशवी बांधावी. भेंडीचे फूल एका दिवसाचे, आणि आपल्याच परागाने फळणारे. ते मिटले की पिशवी काढावी.

महिना-सव्वा महिन्यात शेंग तपकिरी होऊन वाळते, शिरांवर उकलू लागते. तेव्हा ती तोडा. बी हवेशीर जागी खडखडीत वाळवून, चाळलेल्या कोरड्या राखेत घालून बरणीत ठेवा. वर वाणाचे नाव व साल लिहा. पेरण्यापूर्वी 20 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. आठवडाभरात 13-14 उगवल्या, तर निश्चिंत पेरा.

आता टोपलीतली भेंडी. कोवळी भेंडी धुऊन अगदी कोरडी पुसा. ओली चिरली तर तार सुटते. चकत्या करून आंबट ताकात मीठ, हळद घालून तासभर मुरवा आणि निथळून कडक उन्हात फडक्यावर पसरा. रात्री घरात घ्या. चकती वाकता कामा नये, कटकन मोडली पाहिजे. ओल राहिली तर बुरशी आलीच. पावसाळ्यात खिचडीबरोबर तळून वाढा.

कोणी म्हणेल, बियांची पुडी दुकानात मिळते, मग एवढा खटाटोप कशाला? संकरित पुडीच्या पिकाचे बी धरले, तर पुढची झाडे सारखी निघत नाहीत. दर वर्षी पुडी घ्यावीच लागते. जुने गावठी वाण किंवा 'परभणी क्रांती'सारखे सुधारित वाण मात्र घरी राखता येते. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे.

आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण गावठी वाणे जमवून त्यांनी घरात बियाणे बँक उभी केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या आज्या उतरंडीत जे करीत, तेच त्यांनी नेमाने केले. आज्यांची उतरंड गेली, तिच्याबरोबर कितीतरी वाणेही गेली. उरली आहेत ती तरी आपल्या हातून जाऊ नयेत.

शेवटी एक विनंती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकच्या डब्या लुटतो. उन्हाळी भेंडीचा पेरा त्याच सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत होतो. येत्या संक्रांतीला प्रत्येकीने घरच्या बियांची एक पुडी वाण म्हणून द्यावी. एकीच्या परसातले बी किडीने गेले, तरी ते दुसरीकडे सापडेल. वाणाला वाण म्हणतात, ते उगीच नव्हे.