एका घरातला एकच
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी चक्क नाही म्हटले होते. मी सातवीपर्यंत शिकलेली. हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापलीकडे चारचौघींत कधी तोंड उघडले नाही. पण एक गोष्ट दोन वर्षे मनात घोळते आहे. ती सांगितल्यावाचून राहवेना, म्हणून उभी राहिले. चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ मोठ्या बोटीवर नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची बोट दुरुस्तीसाठी इंग्लंडात फाल्मथ बंदराला लागली होती. सुट्टीच्या दिवशी तो कॉर्नवॉल भागातल्या एका मच्छीमारांच्या गावी जाऊन आला. त्या गावाच्या नावाचा लिहिण्यातला अर्थ ‘उंदराचे बीळ’, पण तिथली माणसे म्हणतात ‘माऊझल’. गावाजवळ पेनली पॉइंट नावाच्या टोकावर, खडकात बांधलेले एक जुने घर आहे. त्याच्या दारातून घसरण थेट समुद्रात उतरते. हे लाइफबोटीचे ठाणे. वादळात कोणाचे गलबत सापडले की या घरातली बोट घसरणीवरून पाण्यात सुटायची आणि त्या माणसांना आणायला जायची.

त्या देशात या कामासाठी एक संस्था आहे. सर विल्यम हिलरी नावाच्या गृहस्थांच्या खटपटीने ती १८२४ साली निघाली. ती सरकारी नाही, लोकांच्या देणग्यांवर चालते. बोटीवर जाणारे बहुतेक जण गावचेच. कोणी मासेमार, कोणी दुकानदार. बोलावणे आले की हातातले काम टाकून धावायचे.

पण या भागातली पहिली बोट त्याच्याही आधीची. १८०३ साली शेजारच्या पेन्झान्स गावी लोकांनी वर्गणी काढून लाइफबोट आणली. कॉर्नवॉलमधली ती पहिली. मात्र पुढच्या खर्चाची तरतूद कोणी केली नाही आणि नऊ वर्षांनी ती कर्जापायी गेली. भगिनींनो, आपल्या मंडळाच्या शिवणयंत्राचे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहेच. वस्तू आणणे सोपे, ती चालती ठेवणे कठीण.

पुढे संस्थेने तिथे पुन्हा बोटी ठेवल्या. १९१३ साली पेनली पॉइंटचे घर बांधले. आधी वल्ह्यांची बोट होती, १९२२ साली इंजिनाची आली. १९४७ च्या एप्रिलात ‘वॉरस्पाइट’ नावाची जुनी प्रचंड लढाऊ बोट मोडीत काढण्यासाठी ओढून नेताना तिथल्या खडकांवर चढली. तेव्हा पेनलीचे तांडेल एडविन मॅड्रन यांनी आपली बोट तिच्या अंगाशी नेऊन आठ माणसे उतरवून घेतली. तांडेल हा आपला शब्द, पण तोच मला त्यांना शोभतो.

त्याच वर्षी, १७ जुलैला, आपल्या दारात काय घडले हे इथल्या म्हाताऱ्या बायकांना सांगायला नको. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आमच्या आजेसासूबाई सांगत, की रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. त्यांनी मासळी समुद्रात फेकली आणि होड्यांत माणसे भरून घेतली. आपल्याकडे ठाणे नव्हते आणि संस्थाही नव्हती, तरी हात मात्र पुढे झाले. म्हणून भावाने पेनलीची हकीगत सांगितली तेव्हा ती मला परक्याची वाटली नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. १९ डिसेंबर १९८१ ची रात्र. नाताळ जवळ आलेला. माऊझलच्या बंदरावर दरवर्षी रंगीत दिव्यांची रोषणाई करतात. तिथल्या खाणावळीचे मालक चार्ली ग्रीनहॉ यांनी थोड्याच दिवसांपूर्वी ते दिवे लावले होते. त्या रात्री भयंकर वादळ होते. साठ साठ फुटांच्या लाटा उठत होत्या. ‘युनियन स्टार’ नावाची नवी कोरी मालबोट हॉलंडहून आयर्लंडला खत घेऊन पहिल्याच फेरीला निघाली होती. तेलात समुद्राचे पाणी शिरून तिचे इंजिन बंद पडले आणि ती किनाऱ्याच्या खडकांकडे वाहत चालली. तिच्यावर आठ माणसे होती. नाताळ एकत्र करायचा म्हणून कप्तानाने आपली बायको आणि दोन सावत्र मुली बरोबर घेतल्या होत्या. बायको गरोदर होती.

हेलिकॉप्टर आले, पण वाऱ्यापुढे त्याला कोणालाही उचलता येईना. तेव्हा पेनलीच्या ठाण्याला बोलावणे गेले. गावातली माणसे धावत आली. तांडेल होते ट्रेव्हेलियन रिचर्ड्स. त्यांनी सात गडी निवडले. खाणावळवाले चार्लीही त्यांत होते. नायजेल ब्रॉकमन यांच्याबरोबर त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा नील धावत आला होता. बाप बोटीत चढला. मुलगाही चढू लागला, तेव्हा तांडेलांनी त्याला थांबवले. अशा रात्री एका घरातले दोघे मी नेणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

रात्री आठ वाजून बारा मिनिटांनी ‘सॉलोमन ब्राउन’ ही ४७ फुटांची लाकडी बोट घसरणीवरून सुटली. ही बोट ब्राउन आडनावाच्या एका बाईंनी मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून झाली होती. ती पुन्हा पुन्हा मालबोटीच्या अंगाला भिडली. एकदा तर लाटेने उचलून तिला त्या बोटीच्या डेकवरच आपटले, तरी ती सुटून परत आली. शेवटी, चार माणसे घेतली, असा निरोप बिनतारी यंत्रावर ऐकू आला. त्यांनी तेवढ्यावर माघारी फिरायला हवे होते असे आपण घरात बसून म्हणू. पण मालबोटीवर अजून माणसे होती. त्यानंतर यंत्रावर काही ऐकू आले नाही. दोन्ही बोटी गेल्या. सोळाच्या सोळा माणसे गेली.

एका दिवसाच्या आत गावातली इतकी माणसे पुढे आली, की नवा ताफा उभा राहिला. त्यांच्या घरच्या बायकांनी त्यांना कसे जाऊ दिले असेल? भावाने सांगितले तेव्हा चुलीवर भात होता, तो करपला तरी मला कळले नाही. दिवे विझवले होते, ते चार्लींच्या पत्नीच्या इच्छेवरून पुन्हा लागले. आजही १९ डिसेंबरला रात्री ते तासभर बंद ठेवतात. १९८३ पासून नवी बोट शेजारच्या न्यूलिन बंदरात असते, पण ठाण्याचे नाव पेनलीच राहिले. जुने घर आठवण म्हणून ठेवले आहे. आणि तांडेलांनी थांबवलेला तो नील पुढे त्याच ठाण्याचा तांडेल झाला.

आता माझ्या घरचे सांगते. आमचा ट्रॉलर एकच. आमचे हे तांडेल, आणि थोरला मुलगा त्याच ट्रॉलरवर खलाशी. भाऊ परत गेला त्या रात्री मी ह्यांना म्हटले, “दोघांनी एका बोटीत जाऊ नका.” हे हसले. म्हणाले, “बोट एक, घर एक. बाहेरचा खलाशी ठेवला तर त्याचा पगार कोण देणार? आणि पोराला शिकवायचे कोणी?” त्यांचे चूक नव्हते. डिझेलचे भाव, बँकेचा हप्ता, सगळे मलाही कळते. मी गप्प बसले. पण ती दोघे समुद्रात असली की झोप म्हणून लागेना.

गेल्या नारळी पौर्णिमेला मुलाने स्वतःच तोंड उघडले. “आई, मी मामेभावाच्या बोटीवर जातो.” हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाहेरचा खलाशी ठरवून आले. महिन्याचा खर्च वाढला, माझ्या दोन बांगड्या सोनाराकडे आहेत, हे इथे सांगायला मला लाज वाटत नाही. समुद्र काही त्यामुळे शांत झाला नाही. पण एका घरातला एकच, एवढे मी माझ्या घरापुरते केले आहे.

प्रत्येकीला हे जमेल असे नाही, आणि जमत नसेल तिला मी दोष देत नाही. पण दुसरी गोष्ट जमेल. आपल्या बोटींवर लाइफ जॅकेटे असतात. ती अंगात असतात का? आमच्याकडची उशाला घेऊन झोपायच्या कामी येत होती. १८८६ साली इंग्लंडात एकाच रात्री दोन ठाण्यांचे २७ गडी बुडाले, तेव्हा मॅरियन मॅकारा या बाईंनी पुढे बायकांचे मंडळ काढून लाइफबोटीसाठी पैसे जमवले. आपणही मंडळच आहोत. माझी सूचना अशी, की दर महिन्याच्या सभेला एक डबा फिरवावा, त्यातून फाटकी जॅकेटे बदलावी, आणि नारळ वाढवायच्या आधी प्रत्येकीने आपल्या बोटीवर जाऊन माणसे किती आणि जॅकेटे किती ते स्वतः मोजावे. डब्यातला पैसा दुसऱ्या कशाला काढायचा नाही. पेन्झान्सची पहिली बोट कशी गेली ते आत्ताच सांगितले.

पहिले अकरा रुपये मी आज टाकते. एवढे बोलून मी खाली बसते.