मोठ्या पगाराचे धंदे व आमचीं मुलें
(अलिबाग तालुक्यांतील एका गांवीं पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



आज आम्हांस दिलेला विषय पैशाचा आहे. शाळामास्तरानें पैशावर बोलावें हें कित्येकांस गमतीचें वाटेल, कारण मास्तरापाशीं तो फारसा टिकत नाहीं. परंतु शेतकऱ्याला वैराग्य शिकविणारे आजवर पुष्कळ होऊन गेले. ‘पैसा हा हाताचा मळ’ असें सांगणाराच निघतांना दक्षिणेची मूठ मोजून घेतो, हें आम्ही पिढ्यानपिढ्या पाहत आलों आहों. तेव्हां आज आडपडदा न ठेवतां विचारूं या, कीं जास्तींत जास्त पगार कोणत्या धंद्यांत आहे, तेथें काय करावें लागतें, आणि आमचें पोर तेथवर कां पोंचत नाहीं.

पहिली गोष्ट ही कीं, पगार घामावर ठरत नाहीं. तसें असतें तर उरण-पेणच्या मिठागरांत उन्हांत राबणारा आगरी आणि पहांटे जाळें ओढणारा कोळी हे देशांतले सर्वांत धनवान लोक झाले असते. ज्या कामाचें दार अरुंद असतें, त्या कामाचा दाम मोठा असतो. दार अरुंद कशानें होतें? कांहीं अंशीं खऱ्या विद्येनें आणि कांहीं अंशीं ती विद्या मूठभरांच्या घरांत कोंडून ठेवल्यानें. जोतीराव फुल्यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें हेंच सांगितलें. शेतकऱ्याच्या घामाच्या साऱ्यांतून वरच्या वर्गांच्या मुलांचीं विद्यालयें चालतात आणि शेतकऱ्याच्या पोराला साधी गांवची शाळाही नीट मिळत नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. शाहू महाराजांनीं 26 जुलै 1902 रोजीं संस्थानच्या नोकऱ्यांपैकीं निम्म्या जागा मागासलेल्यांसाठीं राखून ठेविल्या, त्या हीच कोंडी फोडण्यासाठीं. दार उघडलें कीं आमचा माणूस कमी पडत नाहीं. जोतीरावांचे वैद्य आणि सत्यशोधक समाजाचे एक पुढारी डॉ. विश्राम रामजी घोले हे गवळी होते, आणि शस्त्रक्रियेंत त्यांचा लौकिक होता.

आतां आपल्याच किनाऱ्याकडे पाहा. न्हावा-शेव्याचें बंदर 1989 सालीं सुरू झालें. त्याच्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठीं उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनीं जानेवारी 1984 मध्यें दि. बा. पाटलांच्या पुढारपणाखालीं लढा दिला, आणि पांच जणांनीं प्राण दिले. विमानतळासाठीं पनवेलकडचीं दहा गांवें उठलीं, आणि 2025 सालीं त्याचें उद्‌घाटन झालें. जमीन आमची गेली हें सर्वांस ठाऊक आहे. पण बंदरांत मोठें जहाज आंत घेणारा पायलट कोण, विमान उडविणारा कोण, हें विचारलें कीं आम्ही गप्प बसतों. पहारेकरी, हमाल, ड्रायव्हर एवढ्या नोकऱ्यांचीं नांवें मात्र आम्हांस पाठ आहेत.

म्हणून प्रथम जहाजाचेंच सांगतों, कारण समुद्र आमच्या अंगणांत आहे. इंग्रजी अमदानींत जहाजावरचा हिंदी खलाशी गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या पगारावर राबे, आणि अधिकारी होणें तर त्याच्या स्वप्नांतही नव्हतें. हिंदी मुलांस अधिकारी करण्यासाठीं मुंबईच्या बंदरांत ‘डफरिन’ हें शिक्षणाचें जहाज 1927 सालीं उघडलें, तेव्हां वाट झाली. आज मोठ्या तेलवाहू जहाजाच्या कप्तानाला महिना दहा हजार डॉलरच्या आसपास, कधीं त्याहून जास्त पगार मिळतो. त्याच जहाजावर डेक घासणाऱ्या खलाशाचा पगार त्याच्या कितीतरी खालीं असतो. दोघेही एकाच लाटेवर हालतात. फरक पडतो तो बारावीच्या गणितानें.

वाट अशी आहे. बारावीला भौतिक, रसायन व गणित हे विषय, त्यांत सरासरी साठ टक्के, इंग्रजींत पन्नास. मग समुद्र विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा. एक वर्षाची पदविका घेतली तर त्यापुढें दीड वर्ष जहाजावर उमेदवारी. तीन वर्षांची पदवी घेतली तर उमेदवारी एक वर्षाची. मग सेकंड मेट, फर्स्ट मेट आणि शेवटीं मास्टर अशा सरकारी परीक्षा, आणि प्रत्येक दोहोंमध्यें समुद्रावरची ठराविक नोकरी. दहावीनंतर गणित सोडलें कीं कप्तानकीचें दार बंद. हें पुष्कळ पालकांस दोन वर्षें उशिरा कळतें. इंजिनाच्या बाजूस जायचें असेल तर चार वर्षांची मरीन इंजिनियरिंगची पदवी आहे, किंवा मेकॅनिकल इंजिनियर झाल्यावर थोड्या मुदतीचें शिक्षण.

आणखी एक गोष्ट डोळ्यांची. रात्रीं समोरच्या जहाजाच्या डाव्या अंगाचा दिवा तांबडा असतो आणि उजव्या अंगाचा हिरवा. हें आमच्या नाखव्यास सांगावें लागत नाहीं. ज्याला तांबडें-हिरवें ओळखतां येत नाहीं त्याला डेकवर घेत नाहींत. तो दोष पुष्कळ मुलांस स्वतःस ठाऊकच नसतो. म्हणून आठवींतच डोळे तपासून घ्या. नाहींतर पैसे भरल्यावर वैद्यकीय तपासणींत पोर परत येतें.

यांत कष्ट काय? घरापासून महिनोन्‌महिने दूर राहणें, चोवीस तासांत चार-चार तासांचे दोन पहारे, इंजिनघरांतली धग. नियमाप्रमाणें चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांति द्यावीच लागते, पण बंदरांत जहाज लागलें कीं नियम कागदावर राहण्याचा संभव फार. 2020 च्या साथींत सुमारें चार लाख दर्यावर्दी मुदत संपूनही जगभरच्या जहाजांवर अडकून पडले होते. मार्च 2024 मध्यें एडनच्या आखातांत ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावर क्षेपणास्त्र पडून तिघे मेले. बाकीच्यांस आमच्या आरमाराच्या ‘कोलकाता’ नौकेनें वांचविलें. डॉलर मोजतांना आईबापांनीं हेंही मोजावें.

बंदरावरचा पायलट हा या धंद्याचा कळस. मोठ्या बंदरांत बहुधा पुष्कळ वर्षें जहाजावर वरच्या जागीं काम केलेला माणूस पायलट होतो. चालत्या जहाजाच्या अंगाला लावलेल्या दोरशिडीनें तो वर चढतो, आणि भरती, ओढा, खडक यांचा अंदाज घेऊन अवाढव्य जहाज धक्क्याला लावतो. बंधूंनो, उधाण कधीं, भांग कधीं, खाडींत गाळ कोठें सांचला आहे, हें थळ-रेवसचा म्हातारा कोळी लहानपणापासून जाणतो. त्याच्या ज्ञानावर सरकारी शिक्का नाहीं एवढेंच. त्याच्या नातवानें तो शिक्का मिळवावा अशी आमची इच्छा आहे.

मात्र येथें एक नवा भटजी वाटेंत बसला आहे. त्याचें नांव दलाल. मंत्र इंग्रजीत, दक्षिणा लाखांत. ‘मुलाला जहाजावर चढवितों’ म्हणून तो गुंठे विकावयास लावतो, हातावर खोटा कागद ठेवितो, आणि पोर परक्या बंदरांत भंगार जहाजावर बिनपगारी अडकतें. हें नीट ध्यानांत धरा: नोकरी लावण्याबद्दल दर्यावर्द्याकडून पैसा घेणें कायद्यानें मना आहे. माणसें भरणाऱ्या कंपनीपाशीं नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि परवानेवाल्यांची यादी त्या कचेरीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहतां येते. गांवच्या कोणत्याही शाळेंत या, यादी पाहून देण्यास पांच मिनिटें पुरतात. पैसा मागितला कीं उठून यावें.

आतां डॉक्टर. प्रवेशपरीक्षा एकच, नीट. 180 प्रश्न, 720 गुण. ती मराठींतूनही देतां येते. पुढें साडेचार वर्षें शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयांत उमेदवारी. पण पाटीवर मोठी फी लिहिणारे जे तज्ज्ञ तुम्ही पाहतां, त्यांनीं त्यापुढें आणखी तीन वर्षें, आणि हृदय-मेंदूवाल्यांनीं त्याहीपुढें तीन वर्षें घातलेलीं असतात. म्हणजे अठराव्या वर्षीं शिरलेला मुलगा तिशीच्या आसपास पुरती कमाई करूं लागतो. तोंवर घर कोणी चालवायचें, हा खरा प्रश्न आहे; बुद्धीचा नव्हे. खाजगी कॉलेजांत जागा विकत घेण्याच्या नादीं लागून जमीन फुंकूं नका. अलिबागेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 2021-22 पासून निघालें आहे; एक वर्ष जास्त अभ्यास करून सरकारी जागा मिळविणें हें जमीन विकण्यापेक्षां शहाणपणाचें.

वकिलीबद्दल लोकांत गैरसमज आहे कीं काळा कोट चढविला कीं पैसा सुरू. पहिलीं कित्येक वर्षें थोर वकिलाच्या हाताखालीं चहापाण्यापुरतेंच मिळतें. तरी ही विद्या आम्हांस हवीच. चरीच्या कुळांनीं 1933 ते 1939 नारायण नागू पाटलांच्या मागें उभे राहून खोतांच्या जमिनी पडीक ठेविल्या, उपास काढले. बाबासाहेब आंबेडकरांनीं 1937 सालीं कायदेमंडळांत खोती मोडण्याचें बिल आणलें. ते बॅरिस्टर होते म्हणून खोताच्याच कायद्याच्या भाषेंत त्याला उत्तर देतां आलें. आज सातबारा, संपादन, वारस यांचे वाद घरोघर आहेत, आणि गांवांत एक जाणता वकील असेल तर किती गुंठे वांचतील!

थोडक्या पैशांत मोठा पगार पाहिजे तर चार्टर्ड अकौंटंटची परीक्षा आहे. कला शाखेचा मुलगाही बसूं शकतो, हिशेबाच्या पेढींत दोन वर्षें उमेदवारी करावी लागते, फी वैद्यकीच्या मानानें किरकोळ. नापास होणारे फार, पण नापास झालेल्याचीही जमीन जात नाहीं. विमान चालविण्याचें शिक्षण याच्या अगदीं उलट: दोनशें तास उड्डाण करावें लागतें आणि खर्च कित्येक लाखांचा. तेथें शिष्यवृत्तीवांचून पाऊल टाकूं नये असें आमचें मत.

खर्च कोठून आणावा, असें तुम्ही म्हणाल. एका हळदीच्या रात्रीं मंडप, बँड, मटण यांवर आम्ही किती उडवितों, तें ज्याचें त्यानें मनांत मांडावें. सत्यशोधकांनीं दीडशें वर्षांपूर्वीं साधें लग्न लावून दाखविलें, आणि आम्ही अजून कर्ज काढून नाचतों. शिवाय सरकारी सोयी आहेत त्या मागा. 2024-25 पासून आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या इतर मागास व आर्थिक दुर्बल घरांतील मुलींना डॉक्टरी, इंजिनियरिंगसारख्या व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी व परीक्षेची फी पूर्ण माफ आहे. मायबहिणींनो, मुलीला बारावीनंतर घरीं बसविण्याचें कारण आतां पैसा हें राहिलेलें नाहीं. महात्मा फुल्यांच्या नांवानें ‘महाज्योति’ ही सरकारी संस्था इतर मागास मुलांना नीटचें शिक्षण फुकट देते.

पण हें सारें अडतें एका कागदावर. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला जूनमध्यें धांवपळ करून मिळत नाहीं. आजा-पणजाच्या शाळेचा उतारा शोधण्यांतच महिना जातो. म्हणून आठवी-नववींतच अर्ज करा. कोणकोणते कागद लागतात तें मागच्या फळ्यावर लिहून ठेविलें आहे. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनीं संकोच न करितां थांबावें, आम्ही वाचून दाखवूं आणि अर्जही येथेंच भरून देऊं.