हमालाचा हिशेब आणि मुलांचा भागाकार



कामगारांच्या चळवळीतल्या माणसाने भागाकारावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. पण आमचा निम्मा जन्म भागाकारातच गेला. काम टोळीने करायचे, रक्कम एकत्र यायची, आणि खरी भांडणे वाटणीच्या वेळी व्हायची.

अमरावतीस एका हमालाची मुलगी आमच्यासमोर गणित करीत होती : ४,६९२ भागिले २३. तिने ४६ला दोनाचा भाग लावला, ९ खाली घेतले, भाग जाईना म्हणून २ही खाली घेतले, ९२ला चाराचा भाग लावला. उत्तर २४. मधले शून्य राहून गेले. आम्ही म्हटले, "बाई, तेवीस हमालांची मजुरी ४,६९२ रुपये, आणि एकेकाला चोवीसच?" बाप शेजारी बसला होता. तो म्हणाला, "मंग बाकीचे पैसे कोनं नेले वं?"

मुलीला पाढे चोख येत होते. पण त्या ४६चा अर्थ ४,६०० आहे, हे तिच्या मनात कोठेच नव्हते. बाप शाळेत गेलेला नाही. त्याने तोंडी वाटले : आधी सर्वांना शंभर-शंभर, गेले २,३००. पुन्हा शंभर-शंभर, उरले ९२. त्यातून दोन-दोन, आणि परत दोन-दोन. संपले. एकेकास २०४.

हीच आंशिक भागाकाराची रीत. अकोल्याकडे जिनिंग-प्रेसिंगमध्येही माणसे अशीच मोजतात. रुईची गाठ १७० किलोची धरा. रुई ४,३०० किलो असेल, तर दहा गाठींना १,७०० गेली, आणखी दहांना तितकीच, उरलेल्या ९००तून पाच गाठी. पंचवीस गाठी झाल्या, ५० किलो राहिली. ही बाकी कागदाच्या कोपऱ्यात पडून राहात नाही. पुढच्या गाठीत जाते.

नेहमीच्या रीतीत प्रत्येक आकडा नेमका हेरावा लागतो. चुकला की खोडा. येथे घास लहान घेतला तरी बिघडत नाही, पुन्हा घेता येतो. गुरुजी म्हणतात, पान फार लागते. खरे आहे. एक-एक वजा करीत बसणाऱ्या पोराला दहाचा, शंभराचा घास घ्यायला शिकवलेच पाहिजे. तो एकदम दोनशे आणि मग चार घेऊ लागला, की जुनी रीत त्याच्या हाती आलीच. फक्त शून्ये जागच्या जागी दिसतात. जुन्या रीतीशी आमचे वैर नाही. ती आधी शिकवण्याशी आहे.

आम्ही स्वतः शाळा सोडली ती या भागाकाराच्या धाकानेच. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे हिशेबात धरलेल्या वार्षिक पगाराचा बारावा भाग, हे आम्हाला विशी उलटल्यावर उमगले. तोवर दिलेल्या कागदावर मुकाट्याने सही करीत होतो.

ती मुलगी आता बापाच्या टोळीची चिठ्ठी तपासते. मागच्या हंगामात तिला माणशी सात रुपये कमी दिसले. आम्ही चिठ्ठी घेऊन गेलो, आणि ते मिळाले.