परसातले कावळ्याचे घरटे



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा घरातलीच एक गोष्ट सांगते.

उमरखेडचे वैशाखातले ऊन आपणांस ठाऊकच आहे. त्या दिवसांत आमच्या परसातल्या कडुनिंबावर कावळ्यांनी काड्यातारांचे घरटे बांधले. कुरड्या वाळत घालायला गेले की कावळा डोक्यावर झडप घाली. सासूबाईंना तो अपशकुन वाटला. मुलांनी घरटे पाडायला बांबू आणला.

मी मुलांना थांबवले. कावळ्याचे आपल्याशी वैर नसते. त्याला पिलांची काळजी असते. अंडी १६-१७ दिवसांत फुटतात आणि पुढे तीन-चार आठवड्यांत पिले उडतात. तोवर वाळवण पुढच्या अंगणात घातले. परसात जाताना डोक्यावर सूप धरले.

पुढे एका पिलाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. ते कोकिळेचे! कावळी त्यालाही घास भरवीत होती.

भाद्रपदात पितरांचे पान वाढून आपण कावळ्याची वाट पाहतो. वैशाखात त्याचे घर मोडले, तर त्याला कोणत्या तोंडाने बोलवावे?

मृगात घरटे रिकामे झाले. आता सासूबाईच मुलांना बजावतात, "त्या फांदीला हात लावू नका."