उशिरा पटलेली ओळख



शताब्दीच्या सोहळ्यात संस्थापकांचे, देणगीदारांचे आणि नामवंत वक्त्यांचे स्मरण होते, आणि ते उचितच आहे. परंतु प्रत्येक जुन्या ग्रंथालयाचा एक वाचक असा असतो की, ज्याचे नाव कोणत्याही वार्षिक अहवालात येत नाही. दार उघडण्यापूर्वीच तो पायरीवर उभा असतो. त्याची खुर्ची ठरलेली असते. तीवर दुसरे कोणी बसलेले दिसले, तर तो वाद न घालता परत फिरतो. पंचांगे, शब्दकोश, रेल्वेची वेळापत्रके किंवा एखाद्याच विषयावरची झाडून सारी पुस्तके त्याने वाचलेली असतात. त्या विषयावर तो तासभर बोलेल. पण कोणी सहज 'कसं काय?' म्हटले, तर त्याला उत्तर सुचत नाही. लग्नकार्यात, सत्यनारायणाच्या प्रसादाला तो दिसत नाही. गाव त्याला तऱ्हेवाईक म्हणते, एकलकोंडा म्हणते. कोणी रागाने शिष्ट किंवा माणूसघाणाही म्हणते. अशा माणसाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्वतःविषयी काय उमगू शकते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

वैद्यकात ज्याला 'ऑटिझम' म्हणतात, त्यासाठी मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रुळला आहे. हिंदीत 'स्वलीनता' म्हणतात. आणि बऱ्हाणपुरासारख्या मध्य प्रदेशातील गावी सरकारी कागदावर 'स्वपरायणता' हा शब्द भेटतो. १९९९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या हिंदी नावातच तो आहे. तिन्ही शब्दांच्या आरंभी 'स्व' आहे, आणि मूळ ग्रीक 'ऑटोस' या शब्दाचा अर्थही 'स्वतः' असाच आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप चित्र उभे राहते ते आत्मकेंद्री, दुसऱ्याची पर्वा नसलेल्या माणसाचे. वस्तुतः येथेच गफलत होते. असा माणूस बहुधा स्वतःत मग्न नसतो; तो एखाद्या वस्तूत, विषयात, आकृतीत मग्न असतो. आणि बाहेरचे जग त्याच्यापर्यंत पोहोचत नाही असेही नाही. पुष्कळदा ते इतक्या जोराने पोहोचते की, त्याला दार लावून घ्यावे लागते.

या शब्दाचा इतिहास थोडक्यात पाहण्याजोगा आहे. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो घडवला, तो स्किझोफ्रेनिया या दुसऱ्याच आजाराच्या एका लक्षणासाठी. रशियातील ग्रून्या सुखारेवा यांनी १९२५-२६ च्या सुमारास सहा मुलांचे जे वर्णन केले, ते आजच्या स्वमग्नतेशी फार जुळते. पण त्याकडे जगाचे लक्ष गेले नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि पुढल्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी आपली. आस्पर्गर यांचे लेखन इंग्रजी जगाला नीट परिचित झाले ते १९८१ मध्ये, लॉर्ना विंग यांच्या लेखामुळे. अमेरिकन निदानपुस्तिकेत आस्पर्गर यांच्या नावाचे वेगळे निदान १९९४ मध्ये आले आणि २०१३ मध्ये ते एकाच विस्तृत वर्णपटात सामावले गेले.

या सनावळीचा अर्थ साधा आहे. साठ-सत्तरच्या दशकांत जी मुले शाळेत होती, बोलू शकत होती आणि परीक्षा पास होत होती, त्यांच्यासाठी तेव्हा शास्त्राकडेही नाव नव्हते. मास्तरांच्या लेखी ती 'हुशार पण घुमी' होती. ती मुले वाढली, नोकरीला लागली, संसारी झाली. निदान मुलांपुरतेच राहिले आणि माणसे मात्र मोठी झाली.

मग या स्वभावाची लक्षणे कोणती? तज्ज्ञ दोन गोष्टी एकत्र पाहतात. पहिली, माणसामाणसांतील देवघेवीत येणारी अडचण: चेहऱ्यावरचा भाव, आवाजातील चढउतार, थट्टा, सूचकपणा, 'या एकदा घरी' याचा खरा अर्थ, हे इतरांना न शिकवता कळते, याला ते हिशोबासारखे मांडून सोडवावे लागते. दुसरी, एकाच विषयाची विलक्षण ओढ, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, आणि इंद्रियांची निराळी ठेवण. ही ठेवण यंत्रमागांच्या या शहरात समजावून सांगण्याची गरज पडू नये. मागांची खटखट सवयीने बहुतेकांच्या कानाआड जाते. काहींच्या बाबतीत ती कधीच कानाआड जात नाही; पहिल्या दिवशी जितकी ऐकू आली, तितकीच ती चाळिसाव्या वर्षीही ऐकू येते. अशा माणसाने लग्नाच्या मांडवातून लवकर काढता पाय घेतला, तर तो अपमान नसतो, असह्यता असते.

ही लक्षणे लहानपणापासून असावी लागतात आणि त्यांनी जगण्यात खरी अडचण निर्माण केलेली असावी लागते. मात्र २०१३ च्या निदानपुस्तिकेने एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली आहे: सामाजिक अपेक्षांचे ओझे पेलण्यापलीकडे जाईपर्यंत ही लक्षणे पूर्णपणे दिसून येत नाहीत, किंवा पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकलीही जातात.

ओळख पटते कशी? पुष्कळदा ती आपल्या मुलाच्या निमित्ताने पटते. एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. सहा वर्षांच्या नातवाला घेऊन कुटुंब मानसतज्ज्ञांकडे गेले आहे. प्रश्न विचारले जात आहेत: हाक मारल्यावर पाहतो का? खेळणी एका ओळीत मांडतो का? ठरलेला रस्ता बदलला तर रडतो का? शेजारी बसलेली आजी प्रत्येक प्रश्नाला हसून म्हणते, 'अहो, यात काय विशेष? याच्या बापाचंही अस्संच होतं!' आणि तो बाप, चाळिशी उलटलेला, कारकुनीत एकही चूक न करणारा, पण साहेबांच्या चहापानाला नेहमी गैरहजर राहणारा, त्या खोलीत पहिल्यांदाच आपल्या बालपणाची गोष्ट दुसऱ्या भाषेत ऐकतो.

प्रौढपणी अशी ओळख पटलेल्यांपैकी काहींनी ती लिहून ठेवली आहे. अमेरिकेतील संगीतसमीक्षक टिम पेज यांना १९९७ मध्ये समीक्षेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. आणि २००० साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना आस्पर्गर लक्षणसमूहाचे निदान सांगण्यात आले. २००७ मध्ये 'न्यूयॉर्कर' या साप्ताहिकात आणि २००९ मध्ये पुस्तकरूपाने त्यांनी आपली हकिकत मांडली. तीतील एक तपशील ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून अवश्य सांगण्याजोगा आहे. माणसांत कसे वागावे, हे त्यांना तरुण वयात उमगले ते एका पुस्तकातून: एमिली पोस्ट यांच्या शिष्टाचारावरील ग्रंथातून. इतरांच्या दृष्टीने कंटाळवाणी असलेली ती नियमावली त्यांच्यासाठी परक्या मुलखातील नकाशा ठरली. पुस्तकांवाचून ज्याला माणसे वाचता आली नसती, असा वाचक जगातल्या कोणत्या ग्रंथालयात नसेल?

स्त्रियांच्या बाबतीत ही ओळख आणखी उशिरा पटते. आपल्या घरांत सुनेने हळदीकुंकवाला हसतमुख असावे, पाहुण्यांची नाती लक्षात ठेवावीत, विचारपूस करावी, अशी अपेक्षा असते. मुली लहानपणापासून दुसऱ्यांचे पाहून ते सारे पाठ करतात. पाठांतर इतके पक्के असते की कोणाला संशयही येत नाही. फक्त पाहुणे गेल्यावर ती बाई अंधाऱ्या खोलीत तासभर का पडून राहते, हे घरच्यांना कळत नाही. तिला स्वतःलाही ते कळलेले नसते. 'आपण वाईट आहोत' एवढाच अर्थ तिने आयुष्यभर काढलेला असतो.

श्रोतेहो, या विषयात पणाला लागलेली गोष्ट हीच आहे. नाव नसले, तरी माणूस नावाविना राहत नाही. गाव त्याला नाव देतेच. आणि गावाने दिलेली नावे सारी चारित्र्याची असतात: शिष्ट, माणूसघाणा, उर्मट, थंड. 'स्वमग्न' या शब्दात कितीही उणे असले, तरी तो दोषारोप नाही, वर्णन आहे. दोषाची जागा वर्णनाने घेतली की माणसाला प्रथम हायसे वाटते. मागोमाग दुःखही होते, कारण तुटलेली मैत्री आणि नाहक सोसलेली शरम परत येत नाही. दोन्ही भावना खऱ्या आहेत.

येथे सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. प्रत्येक अबोल वाचक स्वमग्न नसतो. लाजाळूपणा, दुःख, बहिरेपण, चिंतारोग यांचीही बाह्य रूपे तशीच दिसतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रौढांसाठी ५० विधानांची एक प्रश्नावली सिद्ध केली. ती दिशा दाखवते, निदान करत नाही. भारतात प्रमाणपत्रासाठी वापरले जाणारे मापन ४० मुद्द्यांचे आहे, आणि ते मुख्यत्वे मुलांना समोर ठेवून घडलेले आहे. शिवाय तज्ज्ञाला बालपणाची माहिती हवी असते; पन्नाशीच्या माणसाच्या बालपणाची साक्ष त्याच्या वृद्ध आईच्या आठवणीखेरीज कोठे असणार? म्हणून ज्यांना शंका आहे, त्यांनी ती साक्ष उपलब्ध असतानाच विचारून घ्यावी. कायद्याची वाट आता मोकळी आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात स्वमग्नतेला स्थान नव्हते. २०१६ च्या अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ते आहे.

मराठी साहित्याने मात्र या माणसांकडे कायद्याच्या आधीच मायेने पाहिले होते. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तील सखाराम गटणे कोणाला ठाऊक नाही? छापील भाषेत बोलणारा, पुस्तकांनी झपाटलेला तो मुलगा वाचकांनी आपलासा केला. एखाद्या साहित्यकृतीतील पात्राला वैद्यकीय चिठ्ठी लावणे हे रसिकतेला शोभणारे नाही. तथापि एवढे निश्चित की, 'वल्ली' म्हणून आपण ज्यांच्यावर हसलो, त्यांना स्वतःला ते हसणे कसे ऐकू आले असेल, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

कॅनर यांच्या पहिल्या रुग्णाची, डोनाल्ड ट्रिपलेट यांची, हकिकत या संदर्भात बोधप्रद आहे. १९३३ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या आपल्या लहानशा गावी बँकेत नोकरी करत, गोल्फ खेळत, प्रवास करत ८९ वर्षे जगले आणि २०२३ मध्ये निवर्तले. घर सुखवस्तू होते, हे खरे. पण गावाने त्यांना त्यांच्या तऱ्हेसह आपले मानले, हेही तितकेच खरे.

सिंधीपुरा ही वस्तीच मुळी दूर सिंधमधून आलेल्या परक्यांना सामावून घेऊन वसली. ज्या गावाने परमुलखाच्या माणसांना जागा दिली, त्याला आपल्याच गल्लीत जन्मून परका राहिलेल्या माणसाला जागा देणे अवघड वाटू नये. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. वाचनकक्षाच्या एका कोपऱ्यात पंख्याचा आवाज नसावा. बोलायला भाग पाडणारी सभासदत्वाची चौकशी कागदावर लिहून देता यावी. बदल करायचा झाल्यास त्याची सूचना आठ दिवस आधी फलकावर लागावी. आणि दारावर रोज उभा राहणारा तो वाचक आला की, 'आज इतक्या लवकर?' असे विचारण्याऐवजी त्याची खुर्ची रिकामी आहे एवढे ग्रंथपालांनी पाहावे.

शंभर वर्षे या ग्रंथालयांनी अशा माणसांना, न ओळखताही, आसरा दिला. आता ओळखून द्यावा.